आधी बॅग उजेडात धरा

रक्तपेढीत रुजू झाले तेव्हा प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या बारीक रक्तपेशी, म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आकडाच यायचा. पेशंटचा काउंट किती, बॅगेत किती, एक बॅग चढवली की किती वाढणार. त्यामुळे प्रबंधासाठी ‘साठवलेल्या प्लेटलेटचा दर्जा’ हा विषय मिळाला तेव्हा मी निर्धास्त होते. पेशी मोजणारा सेल काउंटर होता, आम्लता मोजणारा पीएच मीटर होता (आम्ल वाढलं की पीएच उतरतो). ठरल्या दिवशी नमुने काढायचे, आकडे तक्त्यात भरायचे, पाचव्या दिवशी मुदत संपली की शेवटची ओळ भरायची.

पहिल्या सकाळी ट्यूब, सीलर आणि स्ट्रिपर ट्रेमध्ये मांडून मी ॲजिटेटरपाशी, म्हणजे बॅगा सतत हलत्या ठेवणाऱ्या यंत्रापाशी, पोचले. आमच्याकडे एक जुने टेक्निशियन आहेत, त्यांना सगळी रक्तपेढी दादा म्हणते. मी बॅगेची नळी हातात घेतलेली पाहून ते जवळ आले आणि म्हणाले, “मॅडम, नळी नंतर. आधी बॅग उजेडात धरा.”

मी धरली. पिवळसर, किंचित गढूळ पाणी. “काय दिसतंय?” मी म्हटलं, प्लाझ्मा दिसतोय, रक्तातला पिवळसर द्रव. त्यांनी बॅग माझ्या हातातून घेतली, ट्यूबलाइटच्या समोर डोळ्यांच्या उंचीवर आडवी धरली आणि दोन्ही अंगठ्यांनी हलकेच दाबून सोडली. आत काहीतरी वळलं. बंद खोलीत उन्हाची तिरीप यावी आणि तिच्यात धूर वळत जावा, तशी एक चमकती लहर बॅगेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली, विरली, पुन्हा उठली. “हे स्वर्लिंग. हे आहे तोवर आतलं जिवंत आहे,” दादा म्हणाले आणि आपल्या कामाला निघून गेले.

प्रबंधाच्या आराखड्यात मी स्वर्लिंगला एक रकाना दिला होता. आहे किंवा नाही, एवढाच. त्या क्षणी मला तो रकाना पुरेसा वाटला होता.

ही लहर कशामुळे दिसते ते पुस्तकात वाचलं होतं, पण बॅग हातात धरल्यावर ते खरं कळलं. शांत असलेली प्लेटलेट ही मसुराच्या डाळीसारखी चपटी असते, आकाराने २ ते ३ मायक्रॉन. द्रव हलला की या चकत्या प्रवाहाच्या दिशेने रांगेत वळतात आणि वळताना उजेड वेगवेगळ्या कोनांतून परतवतात. तीच ती लहर. प्लेटलेट बिघडली, फुगून गोल झाली की तिला दिशाच राहत नाही. गोळा कसाही फिरला तरी उजेड सारखाच पसरवतो. मग बॅग कितीही हलवा, गढूळपणा दिसतो, चमक दिसत नाही. म्हणजे आपल्या डोळ्याला जी पेशी दिसूच शकत नाही, तिचा आकार आपण नुसत्या डोळ्याने पाहत असतो. इतक्या वर्षांनंतरही मला याचं नवल वाटतं.

माझा डोळा तयार व्हावा म्हणून दादांनी एक युक्ती केली. मुदत संपलेल्या दोन बॅगा टाकून देण्याआधी त्यांनी मागून घेतल्या. एक ॲजिटेटरवरच ठेवली, दुसरी रात्रभर ४ अंशांच्या फ्रीजमध्ये. सकाळी दोन्ही बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ दिल्या, लेबलं कागदाने झाकली आणि मला विचारलं, “फ्रीजमधली कुठली?” रंग सारखा, वजन जवळपास सारखं. दोन्ही काउंटरवर लावल्या असत्या तर आकड्यातही फारसा फरक आला नसता. मी उजेडात धरून हलवल्या. एकीत लहर मंद का होईना, होती. दुसरीत ताकात पाणी घातल्यासारखा सपाट पांढुरकेपणा. मी बरोबर ओळखली. नंतर आठवडाभर ते रोज कुठल्यातरी दोन-तीन बॅगा माझ्यापुढे धरायचे आणि मी शून्य ते तीन असे गुण द्यायचे. शून्य म्हणजे लहर नाही, एक म्हणजे कुठेतरी कोपऱ्यात, दोन म्हणजे सगळीकडे पण फिकी, तीन म्हणजे ठसठशीत. माझा रकाना बदलला तो तिथे.

फ्रीजची गोष्ट निघाली म्हणून सांगते. वॉर्डात बॅग गेली आणि पेशंटला ताप आला, सलाइनची शीर बंद पडली, काहीही कारणाने अर्धा-पाऊण तास उशीर झाला, की कुणीतरी काळजीपोटी ती बॅग फ्रीजमध्ये ठेवतं. रक्त फ्रीजमध्ये ठेवतात, मग हेही ठेवावं, असं वाटणं साहजिक आहे. एके काळी रक्तपेढ्याही प्लेटलेट थंडच ठेवत होत्या. १९६९ मध्ये मर्फी आणि गार्डनर यांनी दाखवून दिलं की २२ अंशांना ठेवलेल्या प्लेटलेट शरीरात गेल्यावर कितीतरी जास्त काळ फिरत्या राहतात, आणि तेव्हापासून जगभरातली साठवण बदलली. थंडीने प्लेटलेटच्या पृष्ठभागावरची काही प्रथिनं एकत्र गोळा होतात आणि यकृत अशा पेशी पटकन उचलून बाहेर काढतं. वाहतं रक्त तातडीने थांबवायचं असेल तर थंड प्लेटलेटही काम करतात, आणि काही ठिकाणी त्यासाठी त्यांचा वापर पुन्हा सुरू झाला आहे. पण ज्या पेशंटच्या अस्थिमज्जेत प्लेटलेट तयारच होत नाहीत, ज्याला दोन-तीन दिवस पुरतील अशा हव्या आहेत, त्याच्यासाठी फ्रीजमधून परत आलेली बॅग कामाची नाही.

तर आमच्याकडे ज्या बॅगा मी तपासत होते त्या बहुतेक आरडीपी, म्हणजे एका दात्याच्या एका रक्तदानातून वेगळ्या काढलेल्या. रक्त थंड होऊ न देता ६ ते ८ तासांच्या आत सेंट्रीफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवून रक्ताचे घटक वेगळे करणाऱ्या यंत्रात, जातं. आधी हलकी फेरी, मग प्लेटलेटनी भरलेला प्लाझ्मा शेजारच्या बॅगेत दाबून घ्यायचा, मग जोरकस फेरी. तळाशी प्लेटलेटचा घट्ट थर बसतो, त्याला आम्ही बटण म्हणतो. वरचा प्लाझ्मा काढून ५० ते ७० मिलिलिटर ठेवायचा आणि बॅग तासभर हात न लावता तशीच ठेवायची. हा तासभर फार महत्त्वाचा. घाईघाईत लगेच ॲजिटेटरवर टाकलेल्या बॅगेत पांढरे कण राहतात. नीट विसावलेल्या बॅगेतही सुरुवातीला थोडे कण दिसतात, पण ते पुढच्या काही तासांत हलता हलता विरघळतात. दुसऱ्या दिवशीही कण तसेच असतील तर ती बॅग इश्यू करायची नाही. ॲजिटेटर २० ते २४ अंशांच्या कपाटात, मिनिटाला साधारण ६० ते ७० हेलकावे.

नमुना काढायची पद्धत दिसायला अगदी किरकोळ, पण निम्म्या चुका तिथेच होतात. नळीत अडकून पडलेला प्लाझ्मा बॅगेतल्या प्लाझ्मासारखा नसतो. तो हललेला नसतो, त्यातल्या प्लेटलेट खाली बसलेल्या असतात. म्हणून स्ट्रिपरने नळी दाबत आतलं सगळं बॅगेत ढकलायचं, बॅग हलवायची, नळी पुन्हा भरू द्यायची. हे तीन-चारदा. मग सीलरने तुकडा बंद करून कापायचा, म्हणजे बॅगही उघडत नाही आणि निर्जंतुकपणाही शाबूत राहतो. या तुकड्यात जेमतेम मिलिलिटरभर नमुना येतो. त्यातच काउंट, त्यातच पीएच. मला एकाच बॅगेचा नमुना पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी हवा होता, म्हणून दादांनी माझ्या बॅगांच्या नळ्या लांब सोडल्या होत्या.

काउंटला एक पायरी जास्त. बॅगेत एका मायक्रोलिटरला दहा-बारा लाख प्लेटलेट असतात. काउंटर बनवलेला असतो माणसाच्या रक्तासाठी, जिथे हा आकडा दीड ते साडेचार लाख. नमुना पातळ न करता लावला तर यंत्र आपल्या मर्यादेवर अडकतं. मग ठरलेल्या प्रमाणात पातळ करायचा, येणाऱ्या आकड्याला तेवढ्याने गुणायचं. बॅगेचं वजन करायचं, रिकाम्या बॅगेचं वजन वजा करायचं, १.०३ ने भागायचं, की आकारमान मिळतं. ११ लाखांचा काउंट आणि ५५ मिलिलिटर म्हणजे बॅगेत एकूण ६ हजार ५० कोटी प्लेटलेट. आमची रेघ साडेपाच हजार कोटींची होती. ही पास.

पीएचच्या बाबतीत मात्र मी पहिल्या पंधरवड्यात चुकले, आणि ती चूक सांगायलाच हवी, कारण ती कुणाच्याही हातून होईल. एका सकाळी सहा नमुने एकदम काढले. आधी सगळ्यांचे काउंट लावले, मग पीएच मीटरपाशी आले. तिसऱ्या दिवसाच्या बॅगांचे आकडे ७.७, ७.८ असे यायला लागले. मला आनंद झाला. प्लेटलेटचं आम्लीकरण होत नाहीये, साठवण उत्तम आहे, असं मी वहीत लिहिलंसुद्धा. दादांनी वही पाहिली आणि एवढंच विचारलं, “ट्यूबला बूच होतं का?” नव्हतं. प्लाझ्मातला कार्बन डायऑक्साइड उघड्या तोंडातून निघून जात होता आणि पीएच आपोआप वर चढत होता. मी माझ्या उघड्या ट्यूबचा पीएच मोजत होते. त्याच बॅगांचे नवे तुकडे कापले, एक एक करून लगेच मोजले. ७.२, ७.१, ७.३. आदल्या दोन आठवड्यांत मी किती नमुने किती वेळ उघडे ठेवले होते याची नोंद नव्हती, म्हणून पीएचचे ते सगळे आकडे मी काढून टाकले. मार्गदर्शकांना जाऊन सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि त्या बॅगांच्या जागी नव्या घ्यायला सांगितल्या.

पीएचला एवढं महत्त्व का, ते मी वॉर्डातल्या सिस्टरना समजावताना असं सांगते. बॅगेतल्या प्लेटलेट झोपलेल्या नसतात, त्या राहत असतात. ग्लुकोज खातात, ऑक्सिजन घेतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात. बॅगेचं प्लॅस्टिक मुद्दाम असं बनवलेलं असतं की त्यातून वायू ये-जा करू शकतील. ऑक्सिजन पुरेसा मिळाला तर सगळं ठीक. कमी पडला की त्या ऑक्सिजनशिवायच्या वाटेने ऊर्जा काढतात आणि लॅक्टिक आम्ल साठत जातं. प्लाझ्मातलं बायकार्बोनेट काही काळ ते सांभाळून घेतं, तोवर पीएच फारसा हलत नाही. बायकार्बोनेट संपत आलं की मग घसरण भराभर होते. पीएच ६.२ च्या खाली गेला की प्लेटलेट गोल होतात त्या पुन्हा चपट्या होत नाहीत. दर्जाची अधिकृत रेघ देशोदेशी थोडी वेगळी, कुठे ६.०, कुठे ६.२, कुठे ६.४.

महिना-दीड महिना सगळं सुरळीत चाललं. तिसऱ्या दिवशी गुण दोन किंवा तीन, पाचव्या दिवशी एखादी बॅग एकवर. मग एका सोमवारी, शुक्रवारच्या बॅगा पाहताना, एक बॅग उजेडात धरली आणि आत काहीच हललं नाही. पुन्हा दाबली. बाजू बदलून पाहिली. शून्य. बॅग अजून तिसऱ्याच दिवसात होती. लेबलवर मुदत, गट, क्रमांक सगळं व्यवस्थित. मी तिचा पहिल्या दिवसाचा काउंट काढून पाहिला आणि पोटात गोळा आला. साडेतेरा लाख. त्या आठवड्यातली सगळ्यांत श्रीमंत बॅग. एकूण ६ हजार ४८० कोटी प्लेटलेट. आजचा काउंटही जवळजवळ तोच. नुसत्या आकड्यावर गेलं असतं तर हीच बॅग मी सगळ्यांत आधी, सगळ्यांत गरजू पेशंटसाठी काढून दिली असती.

पीएच ६.१.

पहिली शंका जंतूंची. जंतू वाढले तरी ग्लुकोज संपतं, पीएच घसरतो, लहर जाते. प्लेटलेट २२ अंशांना ठेवतो, म्हणजे जंतूंनाही ते उबदारच. साठवणीची मुदत ५ दिवसांवर थांबण्यामागे हेच मोठं कारण आहे. अमेरिकेत १९८४ मध्ये ती ७ दिवस केली होती आणि जंतुसंसर्गाच्या घटनांमुळे १९८६ मध्ये पुन्हा ५ वर आणली. म्हणून बॅग लगेच वेगळी काढली, लाल चिकटपट्टी लावली, नमुना कल्चरला, म्हणजे त्यात जंतू वाढतात का ते पाहायला, पाठवला. त्याच रक्तदानातली लाल पेशींची बॅग आणि प्लाझ्माची बॅग शोधून त्याही थांबवल्या. कल्चरचं यंत्र बेल वाजवतं का म्हणून मी दिवसातून तीनदा जाऊन पाहायचे. काही वाढलं नाही.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच. सोमवार, शुक्रवारची बॅग, तिसरा दिवस, काउंट घसघशीत, आकारमान ४८ मिलिलिटर, लहर नाही. आणि तिच्या शेजारची, १० लाखांची बॅग, गुण दोन. आता मला चैन पडेना. तापमानाच्या नोंदी तपासल्या, आलेख सरळ. ॲजिटेटर शनिवारी-रविवारी बंद पडला होता का? गजर वाजल्याची नोंद नाही, आणि बंद पडला असता तर सगळ्याच बॅगा बिघडल्या असत्या. प्लॅस्टिकचा वेगळा लॉट? लॉट तोच. दात्याने एखादी गोळी घेतली होती का? ॲस्पिरिनने प्लेटलेट कामाला नालायक होते, पण तिचा पीएच असा घसरत नाही.

शुक्रवार हा आमचा रक्तदान शिबिराचा वार. दुपारी रक्त येतं, संध्याकाळी एकदम खूप बॅगा तयार होतात. त्या शुक्रवारी रात्री साडेनऊला मी घरून परत आले. विचारायला कुणाला आले नव्हते, बघायला आले होते. कपाटाचं दार उघडलं. खालच्या दोन फळ्यांवर बॅगा एकमेकींवर अर्ध्या-अर्ध्या चढलेल्या होत्या आणि मागच्या कोपऱ्यात तर दोन बॅगा पूर्ण एकीवर एक. हेलकाव्यांनी सरकत सरकत त्या तिथे जमत असाव्यात. खालची बॅग मी बाहेर काढली. तिच्या वरच्या बाजूला दुसऱ्या बॅगेचं प्लॅस्टिक घट्ट चिकटलेलं होतं, सोडवताना हलका आवाज आला. खाली स्टीलची फळी, वर दुसरी बॅग. श्वास घ्यायला तिला जागाच नव्हती.

तिथे उभं राहून मला सगळं एका माळेत ओवल्यासारखं लागलं. दहा लाखांची बॅग कोंडली गेली तर तीन दिवस कशीबशी निभावून नेते. साडेतेरा लाखांच्या बॅगेत त्याच प्लॅस्टिकमधून, त्याच थोड्या प्लाझ्मात, कितीतरी जास्त तोंडं. ऑक्सिजन त्यांना आधी कमी पडतो, बायकार्बोनेट त्यांचं आधी संपतं. ज्या बॅगेला मी सरस म्हणत होते तिलाच जागा आणि हवा सगळ्यांत जास्त लागत होती.

संध्याकाळच्या पाळीतल्या मुलांवर मी रागावले नाही. दोन माणसं, चाळीस-पन्नास बॅगा, फळ्या तेवढ्याच, आणि ‘एकीवर एक ठेवू नका’ असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. प्लेटलेट बॅग कशी ठेवायची याचं शिक्षण आम्ही त्यांना दिलं होतं का, हा प्रश्न आधी आमच्याकडे येत होता. दुसऱ्या दिवशी दादा आणि मी मिळून फळ्यांवर रंगीत पट्ट्यांनी घरं आखली. एक घर, एक बॅग, लेबल एका ठरलेल्या बाजूला. घरं भरली की पुढच्या बॅगा जुन्या, लहान ॲजिटेटरवर, तो अडगळीतून काढून दुरुस्त करून घेतला. सेंट्रीफ्यूजवर काम करणाऱ्यांनाही सांगितलं की बटण जाड दिसलं तर प्लाझ्मा थोडा जास्त ठेवा, ४८ वर थांबू नका, ६० पर्यंत जा.

पुढच्या शुक्रवारच्या बॅगांची मी जितक्या आतुरतेने वाट पाहिली तितकी परीक्षेच्या निकालाचीही पाहिली नव्हती. त्या खेपेत एक बॅग तेरा लाखांच्या वरची होती. सोमवारी ती उजेडात धरली. लहर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेली. पीएच ७.०. दादांना हाक मारली. त्यांनी पाहिली, मान डोलावली आणि बॅग तिच्या घरात परत ठेवली.

पण याआधीच्या शुक्रवारांचं काय? हे मला अजून बोचतं. मी इश्यू रजिस्टर घेऊन बसले. माझ्या प्रबंधातल्या बॅगा मी पाहत होते, बाकीच्या कोण पाहत होतं? शुक्रवारच्या बॅगा सोमवारी-मंगळवारी कुणाकुणाला गेल्या त्याची यादी काढली आणि वॉर्डात जाऊन केसपेपर पाहिले. प्लेटलेट दिल्यानंतर तासाभरात काउंट करायचा असतो. एका आरडीपीने मोठ्या माणसाचा काउंट साधारण ५ ते १० हजारांनी वाढायला हवा. बऱ्याच केसपेपरवर तो तासाभराचा काउंट केलेलाच नव्हता, दुसऱ्या दिवशी सकाळचा होता. एका रक्ताच्या कर्करोगाच्या पेशंटला चार बॅगा दिल्यावर काउंट ८ हजारांवरून ११ हजारांवर आला होता. त्याला ताप होता, प्लीहा वाढलेली होती, या दोन्ही गोष्टींनी चांगल्या प्लेटलेटही टिकत नाहीत. डॉक्टरांनी तेच कारण लिहिलं होतं आणि ते चुकीचं म्हणता येणार नाही. त्या चार बॅगांत आमच्या कोपऱ्यातली एखादी होती का, हे आता कुणीच सांगू शकत नाही. कारण देताना ती कुणी उजेडात धरली नव्हती. त्या पेशंटची बायको वॉर्डाबाहेर बाकावर बसलेली होती. चार माणसांनी येऊन रक्त दिलं होतं म्हणून ती मला सांगत होती, आणि त्या चौघांची नावंही तिने घेतली.

त्यानंतर मी विभागप्रमुखांकडे एकच मागणी घेऊन गेले. इश्यू रजिस्टरमध्ये स्वर्लिंगचा रकाना हवा, आणि बॅग काउंटरवरून बाहेर जाण्याआधी देणाऱ्याने तो स्वतः पाहून भरायला हवा. महिन्याला मोजक्या बॅगांची क्यूसी, म्हणजे दर्जाची तपासणी होते ती होऊ दे, पण ती बॅग नंतर पेशंटला जातेच असं नाही, आणि जी जाते ती तपासलेली असतेच असं नाही. उजेडात बॅग धरायला पाच सेकंद लागतात. रसायन लागत नाही, यंत्र लागत नाही. लहर दिसली म्हणजे बॅगेतली प्रत्येक प्लेटलेट उत्तम, असा दावा मी करत नाही. जंतू थोडे असतील तर लहर सुरुवातीला तशीच राहते, म्हणून कल्चरची जागा ती घेऊ शकत नाही. पण लहर नाही आणि तरी बॅग चांगली आहे, असं मला एकदाही आढळलं नाही. दुसऱ्या विभागातल्या फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेक पेशी तपासणाऱ्या यंत्रावर, काही नमुने लावले तेव्हाही शून्य गुणाच्या बॅगांत उत्तेजित झालेल्या प्लेटलेटच जास्त दिसल्या, ज्या आपलं काम बॅगेतच उरकून बसल्या होत्या.

रकाना सुरू झाला. सुरुवातीला सगळीकडे ‘३’ लिहिलेलं असायचं, सलग, एकाच हाताने, एकाच शाईने. मी कुणाला बोलले नाही. इश्यूच्या खिडकीशेजारी भिंतीवर एक छोटा पांढरा दिवा लावून घेतला, आणि मुदत संपलेल्या बॅगा टाकण्याआधी पाळीतल्या सगळ्यांना दाखवायला लागले. दादांनी मला केलं तेच, दोन बॅगा, लेबल झाकलेलं, ‘फ्रीजमधली कुठली?’ हळूहळू रजिस्टरमध्ये ‘२’ दिसायला लागले.

प्रबंध सादर झाल्यावर साधारण दोन महिन्यांनी, रात्री अकराच्या सुमाराला फोन आला. नव्याने लागलेली एक टेक्निशियन मुलगी होती. “मॅडम, एक बॅग काढलीय. काउंट चांगला आहे, मुदत उद्यापर्यंत आहे. पण मला लहर दिसतेय असं वाटतंय आणि नाही असंही वाटतंय. वॉर्डातून वॉर्डबॉय मामा न्यायला येऊन उभे आहेत.” मी क्वार्टर्समध्येच होते, पाच मिनिटांत खाली आले. दिव्यासमोर बॅग धरली, अंगठ्याने दाबली. डाव्या कोपऱ्यात एक बारीकशी चमक उठली आणि तिथेच विझली. मी तिला विचारलं, तू किती दिले असतेस? ती म्हणाली, “एक.” मीही एकच दिला. कपाटात दुसऱ्या दिवसाची, त्याच गटाची एक बॅग होती. ती तिने स्वतः उजेडात धरून पाहिली, रजिस्टरमध्ये ‘३’ लिहिलं, सही केली आणि खिडकीतून मामांच्या हातात दिली. जाता जाता त्यांना सांगितलं, “फ्रीजमध्ये ठेवू देऊ नका हं, लगेच लावायला सांगा.”